शनिवारची हजेरी

बसा. आणि आधी ते मोबाइल पालथे घाला. एकेकाच्या तोंडावर असा निळा उजेड पडलाय की भूत शोधायला बाहेर जायची गरज नाही. लाइट लवकर यायची नाही आणि गोष्ट तुम्हीच मागितलीत, तेव्हा मधे कोणी "काहीतरीच काय" म्हणायचं नाही. ज्याच्या घरात हे घडलं तो माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. ही माझी खालची कवळी त्यानेच बसवली. बोलताना वाजते ती त्याचीच कृपा.

तर हा दातांचा डॉक्टर. हात अगदी स्थिर, पण जिभेला हाड नाही. त्याचं काय झालं, पेशंट खुर्चीत आ वासून पडलेला, तोंडात कापसाचे बोळे, उलट बोलायची सोय नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की माणसाची समजूत होते, आपण बोलायचं आणि बाकीच्या जगाने आ करून ऐकायचं. लोकांचे दात बघून त्याचं लोकांविषयी जे मत झालं, ते पुढे कधी सुधारलं नाही.

त्याला नाद होता हौशी रेडिओचा. तुम्हाला हे ठाऊक असायचं कारण नाही, तुमच्या मेंदूला रेंज लागते ती फक्त सिनेमाची. घरात सेट ठेवायचा, सरकारकडून परवाना घ्यायचा, आपलं एक ठरलेलं चिन्ह मिळतं, त्याला कॉलसाइन म्हणतात. मग गावोगावची अशी मंडळी एकमेकांशी हवेतून बोलतात. काय बोलतात? "तुमचा आवाज छान येतोय." "तुमचाही छान येतोय." झालं. एवढ्यासाठी माणसं घरावर खांब उभे करतात आणि बायकोची बोलणी खातात.

या मंडळींची दर शनिवारी रात्री नऊला हजेरी असायची. दूरच्या गावचे एक निवृत्त स्टेशनमास्तर एकेकाचं कॉलसाइन पुकारायचे, ज्याचं त्याने "हजर" म्हणायचं. आणि त्यांच्यात एक रिवाज होता. वर्षभरात जे कोणी वारले असतील त्यांना वर्षातून एका रात्री शेवटच्या हाका मारायच्या. तीनदा पुकारायचं. प्रत्येक हाकेनंतर थांबायचं. तेवढ्या वेळात कोणी सेटला हात लावायचा नाही, खोकायचं नाही. तिसऱ्या हाकेलाही उत्तर आलं नाही की मास्तर म्हणायचे, "उत्तर नाही. हजेरीतून मोकळे." एरवी एकमेकांचे पाय ओढणारी मंडळी, पण ती शांतता मात्र सगळे पाळायचे. आमच्या डॉक्टरला तेही हास्यास्पद वाटायचं. "मेलेला माणूस हजर नाही, हे ठरवायला यांना तीन हाका लागतात," तो म्हणायचा.

आता त्याच मंडळीतले एक म्हातारे गृहस्थ. नोकरीभर नकाशे काढले, म्हणून सगळे त्यांना नकाशेकाका म्हणायचे. त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पण शनिवारची हजेरी त्यांनी सोडली नाही. जुन्या काळची तारेची कळ असते ना, कडकट्ट करणारी, ती डाव्या हाताने दाबत ते उत्तर द्यायचे. लांब ठोका, आखूड ठोका, असं करत एकेक अक्षर. डावा हात, तोही थरथरणारा. ठोका मधेच तुटायचा, परत सुरू व्हायचा. स्वतःचं कॉलसाइन आणि "हजर" एवढं पुरं करायला त्यांना इतका वेळ लागे की बाकीचे गप्प बसून वाट बघत. डॉक्टर सोडून. हा माइक दाबून मधेच म्हणायचा, "मास्तर, पुढे चला, हे उजाडेपर्यंत चालेल." त्याने त्यांचं नाव ठेवलं होतं, तोतरी कळ. आणि त्यांच्या तुटक्या ठोक्यांची नक्कल तो तोंडाने अशी हुबेहूब करायचा की चहाच्या टपरीवर लोक पोट धरून हसत. हसणारेही काही कमी नालायक नव्हते.

नकाशेकाका एकदा याच्या दवाखान्यातही आले होते. वरच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला. याने टोपी बसवायची म्हणून दातांचा साचा घेतला, प्लास्टरचा नमुना ओतला, आणि वर दहा वेळा विचारलं, "काय चावता काय तुम्ही? रबर? खिळे?" त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने काहीतरी खूण करायला सुरुवात केली, तोवर याने पुढच्या पेशंटला हाक मारली. ते पुन्हा आले नाहीत. नमुना कपाटात पडून राहिला.

मागच्या वर्षी ऑगस्टात ते वारले.

आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी रेडिओवाल्यांचा जुन्या सामानाचा मेळावा होता. शेवटच्या हाकांची रात्रही तीच. सकाळी डॉक्टर मेहुण्याची व्हॅन घेऊन निघाला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. भाऊजींच्या प्रत्येक विनोदाला हसायचं हे त्याने बहिणीच्या लग्नातच अंगवळणी पाडून घेतलं होतं.

बंद पडलेल्या एका छापखान्याच्या आवारात मेळावा भरला होता. लोकांनी गाड्यांची मागची दारं उघडून, जुन्या चादरी पसरून आपापला माल मांडला होता. भंगारवाला फुकट नेणार नाही असा माल. वर्तमानपत्रात गुंडाळलेले काचेचे व्हॉल्व्ह, कानाला लावायच्या फोनांची कुजकी गादी, गंजलेले डायल. एकाकडे नुसती बटणं होती, पेटीभर, आणि ती कुठल्या सेटची हे तो अभिमानाने सांगत होता. दुसऱ्याने मागच्या वर्षी विकलेलाच सेट यंदा परत घेतला आणि दोघेही आपण जिंकलो म्हणून खूश. "चालतो का?" असं कोणी विचारलं की उत्तर यायचं, "चालत होता." एवढीच काय ती हमी.

"बघून ठेव," डॉक्टर मेहुण्याला म्हणाला. "त्या टोपीवाल्याच्या दाढा आणि त्याचा सेट, दोन्ही आतून पोकळ आहेत. दाढा मी बघितल्यात."

मेहुणा हसला.

अगदी शेवटी, भिंतीच्या कडेला, एका घडीच्या टेबलामागे नकाशेकाकांची बायको बसली होती. टेबलावर दोनच वस्तू. एक करड्या रंगाचा, दोघांनी उचलावा असा जुना सेट, आणि त्याच्या शेजारी पितळेची कळ. डॉक्टरचे डोळे चमकले. तसला सेट तो किती वर्षं शोधत होता, आणि तो असल्या एका तोतऱ्याच्या घरात निघावा याची त्याला चीडही आली.

"काय वहिनी," तो म्हणाला, "धूळ खात पडला होता वाटतं."

"धूळ मी रोज पुसते," त्या म्हणाल्या. "तुम्ही दातांचे डॉक्टर ना? बघितलंय एकदाच, पण आवाज ओळखीचा आहे. शनिवारी यायचा."

त्यावर त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि सेटभोवती फिरून पाहिलं.

"हा नुसता बोलायचा सेट. ऐकायचा कुठे आहे?"

"तो ठेवलाय. मला यावर बोलता येत नाही. ऐकता येतं."

डॉक्टरने कळ उचलली. तिच्या मुठीवर काळ्या रबराची पट्टी घट्ट गुंडाळून गाठ मारली होती. मळकट, चिवट गाठ. त्याने नाक मुरडलं.

"ही काय घाण गुंडाळलीय?"

"सायकलच्या ट्यूबची पट्टी आहे. बोटं घसरायची त्यांची. एका हाताने गुंडाळायचे आणि एक टोक दातात धरून गाठ ओढायचे. सैल झाली की पुन्हा. मी बांधून देते म्हटलं तर हात झटकून टाकायचे. तेवढं एक त्यांना स्वतःचं स्वतः करायचं असे."

"हां!" डॉक्टर मेहुण्याकडे वळून हसला. "म्हणजे त्या दाताचं वाटोळं हिच्यापायी झालं. मी विचारून विचारून थकलो, काय चावता म्हणून."

"विचारलंत खरं," त्या शांतपणे म्हणाल्या. "उत्तराला थांबला नाहीत."

मेहुण्याला हसावं की नाही ते कळेना. त्याने खाली बघितलं.

किंमत चटकन ठरली. डॉक्टर सेट उचलणार, तेवढ्यात वहिनींनी त्याच्यावर हात ठेवला.

"एक अट आहे. आज रात्री हा लावायचा नाही. उद्यापासून तुमचा, काय हवं ते करा. आज त्यांच्या तीन हाका आहेत."

"बरं मग?"

"तिसरी हाक होईपर्यंत माणूस हजेरीवरच असतो, असं ते मानायचे. मग सुटतो. शेवटी शेवटी त्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती, त्या शांततेत कोणी काही बोलेल. खुणा करून करून सांगायचे. ते असेपर्यंत दर शनिवारी मी त्यांचं उत्तर पलीकडच्या खोलीतून ऐकलंय. मला ती भाषा येत नाही, पण त्यांची चाल ओळखते. ते गेले तेव्हापासून त्यांच्या खोलीतला दिवा मी विझवलेला नाही. आज उत्तर आलं नाही, की विझवीन. एवढी आजची रात्र हा सेट मुका राहू दे."

"राहील. शब्द देतो," डॉक्टर म्हणाला. सुई दुखणार नाही असं पोरांना सांगतात ना, त्याच सुरात.

घर त्याचं दवाखान्याच्या वर. रेडिओची खोली खाली, दवाखान्याच्या मागे. बायको माहेरी गेलेली होती, त्यामुळे रान मोकळं. दिवस मावळेपर्यंत त्याने सेट उघडून साफ केला. मग कळ घेतली. ती पट्टी त्याला बघवेना. दवाखान्यातलं पातं आणलं, गाठीच्या मधोमध चालवलं, पट्टीचे दोन तुकडे केले आणि वापरलेले हातमोजे टाकायच्या लाल पिशवीत टाकून दिले. ती पिशवी न्यायला संध्याकाळी गाडी येते. आली आणि घेऊन गेली. मेहुण्यानेच ती बाहेर नेऊन दिली, हे लक्षात ठेवा. मग डॉक्टरने कळीची मूठ पॉलिश लावून अशी घासली की तिच्यात दिवा दिसायला लागला.

"आता कशी माणसाची वस्तू दिसते," तो म्हणाला.

नऊ वाजत आले. त्याने आपला रोजचा ऐकायचा सेट लावला, आणि शेजारच्या करड्या सेटचा प्लग भिंतीत घातला.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "आज लावायचा नाही म्हणाल्या होत्या त्या."

"अरे, एरियल कुठे जोडलंय? हा बघ बल्ब. एरियलच्या जागी बल्ब लावला की सेटची सगळी ताकद त्यात जळते. बाहेर काही जात नाही. पलीकडच्या गल्लीतल्या डासालासुद्धा ऐकू जाणार नाही. शब्द मोडला असं होतच नाही."

दीडशहाण्या माणसाचं हे असंच असतं. शब्द देताना तो मोडायची पळवाट त्याने आधीच बघून ठेवलेली असते.

हजेरी सुरू झाली. स्टेशनमास्तरांचा जाड, थकलेला आवाज. एकेक हजर झाला. डॉक्टरनेही आपल्या नेहमीच्या सेटवर माइक दाबून "हजर" म्हटलं. मग मास्तर म्हणाले, "आता शेवटच्या हाका."

आधी दुसऱ्याच कोणाचं कॉलसाइन पुकारलं. तीनदा. तीनदा नुसती खरखर. "उत्तर नाही. हजेरीतून मोकळे." ते झालं. सुरळीत झालं.

मग नकाशेकाकांचं.

पहिली हाक. सेटमधून वारा वाहिल्यासारखी खरखर. मास्तर थांबले.

दुसरी हाक.

डॉक्टरने हळूच बोट कळीवर ठेवलं. मेहुण्याकडे बघून डोळा मारला. मेहुण्याने मान हलवली, नको म्हणून.

तिसरी हाक.

शांतता... आणि त्या शांततेत डॉक्टरने कळ दाबली. नकाशेकाकांचं कॉलसाइन, त्यांच्याच तोतऱ्या चालीत. लांब ठोका मधेच तोडलेला. आखूड ठोका, परत तोच आखूड ठोका. बल्ब लुकलुकला. आठवणीतली प्रत्येक चूक त्याने बरोबर जागेवर केली. अगदी मन लावून केली. मेहुणा बिचारा सवयीने हसला. मग थांबला.

कारण मास्तर "मोकळे" म्हणाले नव्हते.

खरखर चालू होती. मास्तर काही बोलत नव्हते.

"मास्तर झोपले वाटतं," डॉक्टर म्हणाला आणि त्याने कळीवरचं बोट उचललं.

बल्ब विझला नाही.

पेटला... गेला... पेटला. लांब. तुटका. परत.

"भाऊजी, बास झालं."

"मी नाही."

त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. मेहुण्याने स्वतः पाहिले. टेबलावर कळ एकटी होती. तिची पितळी मूठ खाली जात होती. हळू. थरथरत. मधेच घसरल्यासारखी सुटत होती. परत खाली. पॉलिश करून गुळगुळीत केलेली ना, धरायला काही नव्हतं तिच्यावर.

आणि तेच ठोके ऐकायच्या सेटमधून येत होते. बाहेरून. हवेतून.

डॉक्टरने भिंतीतला प्लग ओढला. जुन्या सेटमध्ये प्लग काढल्यावरही क्षणभर जीव राहतो. क्षणभर. हा बल्ब चालूच. त्याने बल्ब पिरगाळून काढला. बोटं भाजली. बल्ब त्याच्या हातात... हातातसुद्धा...

त्याने तो टाकून दिला. काच फुटली. अंधार.

कळ चालूच होती. टक्... टक्. टक्...

डॉक्टरला ती भाषा वाचता येत होती, हीच मोठी पंचाईत. न येणारा निदान कानांवर हात ठेवून पळाला असता. मेहुणा पळालाच. हा बसून राहिला. कान बंद केले तरी टेबलातून ठोका कोपरात येत होता. एकेक अक्षर. कॉलसाइन झालं. "हजर" झालं. आणि पुढे, तितक्याच सावकाश, जे याने सहा वर्षं दर शनिवारी मधेच माइक दाबून पुरं होऊ दिलं नव्हतं, ते आलं.

थांबा... माझं... बोलून... झालेलं... नाही.

या वेळी मधे कोणी बोललं नाही.

खूप वेळाने मास्तरांचा आवाज आला. तो माणूस रडत होता. "कळीवरचा हात त्यांचाच आहे," ते म्हणाले. मग, दर शनिवारी नोंद करताना म्हणायचे तसं, "हजर."

कळ थांबली.

डॉक्टर उजाडेपर्यंत वर जिन्यात बसून होता, सगळे दिवे लावून. इतरांच्या भीतीची टिंगल करणारा माणूस स्वतः घाबरतो तेव्हा त्याला ते जमतही नाही. नुसता घाम, आणि हात कुठे ठेवावेत हे कळत नाही.

रविवारी सकाळी तो मेहुण्याला शोधून घेऊन आला, दोघांनी करडा सेट व्हॅनमध्ये घातला आणि नकाशेकाकांच्या घरी गेले. कळ मात्र त्याच्याने उचलवेना. ती टेबलावरच राहिली, खोलीला बाहेरून कुलूप घातलं. त्याची समजूत अशी की बल्ब लावूनही काल सगळं हवेत गेलं, सगळ्यांनी ऐकलं, म्हणजे वहिनींनीही ऐकलं असणार. आपण जाऊन माफी मागायची, ती माझी चेष्टा होती म्हणायचं, सेट त्यांच्या दारात ठेवायचा, आणि जे काय असेल ते त्यांच्या घरी नांदू दे. माफी मागतानासुद्धा याचा हिशेब सुटत नाही.

वहिनींनी दार उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत. त्यांच्या मागे पॅसेजच्या टोकाला एक खोली दिसत होती. अंधारी.

"वहिनी, काल रात्री ते... सुरुवातीला ते मी होतो. गंमत म्हणून. तुम्हाला त्रास झाला असेल तर..."

"मला कळलं ते," त्या म्हणाल्या. "पहिले ठोके तुमचे होते. तुम्ही त्यांच्या चुका पाठ केल्या आहेत. पण तुम्ही त्या करता. त्यांच्या व्हायच्या. तेवढा फरक मला ऐकू येतो."

डॉक्टर व्हॅनच्या दिशेने एक पाऊल मागे सरकला.

"त्यांना सुटायचं होतं, डॉक्टर. एवढंच हवं होतं. तुम्हाला एक रात्र गप्प बसायला सांगितलं होतं मी."

"सेट परत आणलाय. तुमच्याकडेच राहू दे. मी काही परत मागणार नाही."

वहिनींनी व्हॅनकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. पायाला लागलेल्या चिखलाकडे बघतात तसं.

"मी तीन महिने त्यांच्या खोलीत दिवा ठेवला. रोज रात्री वाटायचं, आहेत. काल तुमचं ते सुरू झालं आणि इथली खोली एकदम रिकामी झाली. मला बसल्या जागी समजलं. मग मी उठून दिवा विझवला." त्यांनी दाराला हात घातला. "हाक आली तेव्हा उत्तर जिथून गेलं, तिथे ते हजर झाले. इथे आता कोणी नाही. सेट न्या तुमचा."

आणि दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं.

दोघे परत आले. कुलूप होतं तसंच होतं. डॉक्टरने ते उघडलं. खोलीत फुटक्या बल्बची काच. टेबल. टेबलावर कळ.

तिच्या मुठीवर काळ्या रबराची पट्टी गुंडाळलेली होती.

पट्टी अखंड होती. पात्याने केलेले दोन तुकडे, लाल पिशवी, पिशवी घेऊन गेलेली गाडी... मेहुणा दारातच खाली बसला. पट्टी घट्ट आवळून बांधलेली. एका हाताने बांधावी तशी, तिरपी. आणि गाठीच्या मोकळ्या टोकावर दातांच्या खुणा. ताज्या.

तुम्ही म्हणाल, दातांच्या खुणा काय, कोणाच्याही. बरोबर आहे. तुम्हाआम्हाला काय कळतंय. पण हा दातांचा डॉक्टर होता. तो दवाखान्यात गेला, कपाट उघडलं आणि नकाशेकाकांच्या दातांचा तो प्लास्टरचा नमुना घेऊन आला. पट्टीचं टोक चिमट्याने उचललं, आणि नमुन्याच्या वरच्या पुढच्या दातांवर टेकवलं.

एकेक खूण आपापल्या जागी बसली. तुटका कोपरासुद्धा.

तेव्हापासून मास्तर शनिवारी ते कॉलसाइन पुकारतात. पुकारावंच लागतं, हजर माणसाला गाळता येत नाही. पुकारतात आणि थांबतात. डॉक्टर आता मधे बोलत नाही. तो कोणाच्याच मधे बोलत नाही. पेशंटला काही विचारलं की तोंडातला कापूस काढतो आणि उत्तर पुरं होईपर्यंत बाजूला उभा राहतो. लोकांना वाटतं, वयाने मऊ झाला.

ती खोली त्याने बंदच ठेवलीय. मागच्या आठवड्यात मी कवळी दाखवायला गेलो होतो, तेव्हा माझ्यासाठी उघडली. कळ तिथेच आहे, धुळीने माखलेली. वर्ष झालं, कोणी हात लावलेला नाही. मी लावला. गाठीचं टोक बोटांत धरून पाहिलं.

ओलं होतं.